खुंट एक, कलमे निराळी

सरावलीच्या आमच्या चिकूच्या वाडीत जमिनीतील ओलाव्याची आणि पंपाच्या वेळांची नोंद ठेवणारी यंत्रणा एका जुन्या, पांढऱ्या बीगलबोन या छोट्या संगणक-बोर्डावर कित्येक वर्षे बिनतक्रार चालत होती. तीच आणखी तीन ठिकाणी बसवावी आणि पंपघरातील गड्यांना आकडे दिसावेत म्हणून प्रत्येक ठिकाणी एक लहानशी स्क्रीनही जोडावी, अशा हेतूने मी तीन बीगलबोन ब्लॅक बोर्डांचे काम एका पुरवठादाराकडे सोपविले. त्या गृहस्थाने जुन्या बोर्डाच्या कार्डाच्या तीन नकला केल्या. बोर्ड सुरू होताना त्याच्यावरील स्मृतीतून स्वतःचे नाव वाचून योग्य ती डिव्हाइस ट्री फाइल, म्हणजे बोर्डावर काय कसे जोडले आहे हे लिनक्सला सांगणारी फाइल, निवडण्याची जी तजवीज मुळातच असते, ती बाजूला सारून त्याने जुन्या बोर्डाच्या फाइलचे नाव सुरुवातीच्या सेटिंगमध्ये स्वहस्ते लिहून टाकले.

स्क्रीन पहिल्या दिवसापासून काळी. दूरध्वनीवर उत्तर मिळाले, "अहो काका, स्क्रीनच खराब असणार, दुसरी मागवा." मी दुसरी मागविली, तीही काळीच. दरम्यान पावसाळा लागला, दिवसातून अनेकदा वीज जाऊ लागली आणि तोवर वाडीत बसविलेले दोन बोर्ड प्रत्येक वेळी नव्याने सुरू होत राहिले. त्या प्रत्येक सुरुवातीस काय घडत होते, याची मला सुतराम कल्पना नव्हती.

ती आली एका रात्री. पंपघरात लॅपटॉप जोडून मी सुरुवातीच्या नोंदी ओळीने वाचीत होतो आणि यंत्राचे मॉडेल सांगणाऱ्या ओळीपाशी थांबलो. तेथे 'टीआय एएम३३५एक्स बीगलबोन' एवढेच होते. 'ब्लॅक' हा शब्दच नव्हता. पुढे पाहतो, तर ब्लॅकवर असणाऱ्या ईएमएमसी साठ्याचा कोठे पत्ताच नाही. माझ्या हातातील बोर्ड एक होता आणि त्याच्या अंतरंगातील लिनक्स स्वतःस दुसराच बोर्ड समजून कारभार हाकीत होते, हे ध्यानी येताच अंगावर काटा आला.

त्याहून मोठा धक्का पुढे बसायचा होता. पांढरा बीगलबोन २०११ चा आणि ब्लॅक २०१३ चा. त्या वर्षी दोघांसाठी एक सामाईक डीटीएसआय फाइल, म्हणजे दोन्ही बोर्डांच्या फाइलींत समाविष्ट होणारा समान भाग, लिनक्समध्ये दाखल झाली. त्या बदलासोबतच्या टिपणात स्पष्ट इशारा आहे, की जुन्या बोर्डाची फाइल घेऊन ब्लॅक सुरू केला आणि त्यात एसडी कार्ड असले, तर सुमारे डझनभर सुरुवातींनंतर स्क्रीनला चित्र पुरविणारी एचडीएमआयची चिप जळून जाईल. कारण असे की दोन्ही बोर्डांवर वीजव्यवस्थापनाची चिप एकाच कुळातील असली, तरी तिचा एलडीओ३ हा पुरवठा जुन्या बोर्डावर कार्डासाठी ३.३ व्होल्टवर नेता येतो. ब्लॅकवर मात्र तो १.८ व्होल्टच राहिला पाहिजे, आणि कार्डाची वीज निराळ्या वाटेने येते. माझ्या वाडीत डझनभर सुरुवाती व्हावयास एक आठवडादेखील लागला नसेल.

पुरवठादारास हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "दोन्ही एकाच घराण्यातले, फाइल तीच चालते. तुमच्याकडच्या विजेचा दोष आहे." हा जबाब मला आजही बोचतो. सुदैवाने तिसरा बोर्ड अद्याप न बसविता कपाटातच ठेवलेला होता. तिन्ही बोर्डांवर योग्य फाइल घातली. ईएमएमसी तिहींवर प्रकट झाला, परंतु तीच स्क्रीन केवळ तिसऱ्यावर उजळली. पहिले दोन मुकेच राहिले. फाइल तीच चालत असती, तर हा दाखला निघाला नसता. तो दाखवूनही त्या गृहस्थाने चुकीची कबुली दिली नाही.

फाइली सामाईक ठेवण्यास माझा विरोध नाही. २०११ साली लिनक्सचे जनक लायनस टोरवाल्ड्स यांनी त्याच्या एआरएम प्रोसेसरांच्या विभागातील पसाऱ्यावर संताप व्यक्त केला आणि त्यानंतर तेथे डिव्हाइस ट्रीचा स्वीकार झपाट्याने झाला, तो असली पुनरुक्ती टळावी म्हणूनच. पण आमच्याकडे चिकूचे कलम खिरणीच्या खुंटावर बांधतात, म्हणून कोणी खिरणीची फळे चिकू म्हणून बाजारात नेत नाही. सामाईक फाइलमध्ये तेवढेच ठेवावे, जे प्रत्येक बोर्डाच्या नकाशावरून स्वतः पडताळले आहे. व्होल्टेज आणि पिनांची वाटणी ही त्या त्या बोर्डाच्या फाइलीतच असावी. ज्याबद्दल खात्री नाही ते सामाईक फाइलीत 'डिसेबल्ड' लिहावे आणि ज्या बोर्डावर ते खरोखर आहे तेथेच 'ओके' करावे. सामाईक फाइलीतला गुणधर्म बोर्डाच्या फाइलीत पुन्हा लिहिला, तर नंतरचा हुकूम चालतो आणि डीटीसी, म्हणजे या फाइली संकलित करणारे साधन, त्याबद्दल चकार शब्द काढीत नाही. म्हणून तयार झालेली डीटीबी ही संकलित फाइल त्याच डीटीसीने उलट उलगडून, दोन बोर्डांच्या प्रती शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचावी. ब्लॅकवर ईएमएमसी आणि एचडीएमआय हे जुन्या बोर्डावर मोकळ्या असणाऱ्या पिना अडवितात, हेही जोडणी करण्यापूर्वी पाहावे. आणि कोणी नकलेचे कार्ड हाती दिले, तर स्क्रीन जोडण्याआधी मॉडेलची ओळ वाचावी. त्यास अर्धा मिनिटदेखील लागत नाही.

ते दोन बोर्ड आजही स्क्रीनविना पंपघरात ओलाव्याची नोंद घेत आहेत. अधिकच्या स्क्रीनचे पैसे मला परत मिळालेले नाहीत.