जुन्या पत्रांचा शोध

बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजा नावाचे गाव आहे. जिजाबाईंचा जन्म येथे झाला. त्यांचे वडील लखुजीराव जाधव यांच्या वाड्याचे भव्य प्रवेशद्वार अद्याप उभे आहे आणि गावातच लखुजीरावांची भक्कम दगडी समाधीही आहे. सुमारे चार शतकांचे ऊन, वारा आणि पाऊस या दगडांनी सोसला. परंतु दगड फार थोडे बोलतो. १६२९ साली दौलताबादच्या किल्ल्यात लखुजीराव दग्याने मारले गेले. ती वार्ता सिंदखेडास कोणी आणली, वाड्यात कोणती निरवानिरव झाली, मुलुखाचा वसूल त्या वर्षी कोणाकडे गेला, हे त्या दरवाज्याला विचारून कळणार नाही. ते सांगू शकेल असा कागदच. आणि कागद हा दगडासारखा टिकाऊ नव्हे.

वऱ्हाडच्या या भागात कागदांची उणीव मुळीच नसावी. १७२४ सालच्या ऑक्टोबर महिन्यात सिंदखेडजवळच्या साखरखेर्डा येथे निजाम-उल-मुल्काने मुबारिझखानाचा पराभव केला आणि दक्षिणेत निजामाची सत्ता उभी राहिली. १७५७ सालच्या डिसेंबरात खुद्द सिंदखेडला मराठ्यांची व निजामाची लढाई झाली. पुढे वऱ्हाडात निजाम आणि नागपूरकर भोसले या दोघांचाही अंमल चाले. त्यास दोअंमली म्हणत. एका गावावर दोन धनी म्हटले की हिशेब दुप्पट, तक्रारी दुप्पट आणि पत्रेही दुप्पट! देशमुख, देशपांडे, पाटील, कुळकर्णी यांच्या घरांतून वतनाच्या सनदा, वसुलाचे ताळेबंद, निवाडे आणि खासगी पत्रे रुमालात बांधून ठेवलेली असत. रुमाल म्हणजे येथे हात पुसण्याचा नव्हे. कागदांचा गठ्ठा ज्या चौकोनी फडक्यात बांधीत, ते फडके व त्यातील गठ्ठा या दोहोंसही रुमाल हेच नाव होते.

मग हे रुमाल गेले कोठे? इंग्रजी अंमलात सरकारी लिखाणातून मोडी लिपी हळूहळू मागे पडली. आजोबांचे अक्षर नातवास वाचता येईना. जो कागद वाचता येत नाही, तो घरातील अडगळ ठरतो. काही रुमाल माळ्यावर उंदरांच्या व वाळवीच्या स्वाधीन झाले, काही वाण्याच्या दुकानी पुड्या बांधण्यास गेले. कित्येक घरी ते पाण्यात भिजवून त्यांचा लगदा केला, त्यात मेथ्या वाटून घातल्या आणि त्याने टोपल्या लिंपल्या. टोपली मजबूत होई, यात शंका नाही.

अशा वेळी महाराष्ट्रात काही थोडी माणसे ही अडगळ शोधीत दारोदार हिंडू लागली. त्यांत अग्रभागी विश्वनाथ काशिनाथ राजवाडे होते. त्यांचा जन्म १८६३ सालचा. वाई येथे त्यांना पानिपतच्या काळातील पत्रांचे एक दफ्तर हाती लागले आणि त्यांच्या आयुष्याची दिशाच ठरून गेली. ती पत्रे त्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेच्या पहिल्या खंडात छापली. या मालेचे पुढे एकंदर बावीस खंड झाले. राजवाड्यांपाशी ना संपत्ती होती, ना सरकारचा हुकूम. अंगावर जाडेभरडे कपडे आणि हाताने रांधून खाण्याची तयारी, एवढ्या शिदोरीवर ते गावोगाव फिरत.

पायपिटीहून कठीण असे ते निराळेच काम होते. वतनदाराच्या ओसरीवर जाऊन ‘तुमचे जुने कागद दाखवा’ असे परक्या माणसाने म्हणताच घरधन्याच्या मनात पहिली शंका येई ती वतनाची. हा मनुष्य भाऊबंदांनी तर पाठविला नसेल? कागद कोर्टात गेला आणि जमीन हातची गेली तर? या शंकेस मूर्खपणा म्हणता येणार नाही. कागदावरून वर्षानुवर्षे भांडणे चालत, हे लोकांनी पाहिलेले होते. तेव्हा कधी दिवसचे दिवस दारी खेपा घालाव्या लागत. कोणी मूळ कागद देऊन टाकी. कोणी तो हातचा सोडण्यास तयार नसे. मग तेथेच मांडी घालून नक्कल करून घ्यावी लागे.

आता असे एखादे पत्र आपल्या हाती आले आहे, अशी कल्पना करा. कागद पिवळसर, हातबनावटीचा. बहुधा दौलताबादचा किंवा जुन्नरचा. वर मध्यभागी ‘श्री’. त्याखाली बोरूने लिहिलेल्या मोडी अक्षरांच्या ओळी. अक्षरे एकमेकांत गुंतलेली आणि शब्दाशब्दांत मोकळी जागा नाही, कारण लिहिणाऱ्याने लेखणी शक्य तितकी कमी उचलली आहे. आरंभी ठराविक मायना आढळतो: ‘येथील कुशल जाणोन स्वकीय कुशल लिहीत गेले पाहिजे.’ शेवटी ‘बहुत काय लिहिणे’ असे येते. मधला मजकूर बहुधा कारकुनाच्या हातचा असतो. मोठ्या माणसाने स्वतः लेखणी धरली असेल, तर ती पुष्कळदा अखेरच्या एकदोन ओळींपुरती. म्हणून जाणता वाचक आधी शेवटाकडे पाहतो. तेथे अक्षराचे वळण एकाएकी बदलले, रेघा जाड झाल्या, की तो थबकतो. पत्राच्या धन्याचा हात कदाचित येथेच कागदावर टेकला असेल.

तारखेचे कोडे याहून गमतीचे आहे. समजा, पत्राखाली ‘छ २ रबिलाखर’ एवढेच आहे. ‘छ’ म्हणजे चंद्र, आणि रबिलाखर हा मुसलमानी महिना. साल मात्र नाही! पत्र घेणाऱ्यास चालू साल ठाऊकच होते. ते लिहावे कशाला? अडीचशे वर्षांनंतर आपण ते वाचू, हे त्या बिचाऱ्याच्या स्वप्नीही नव्हते. अशा वेळी मजकुरातील माणसे, छावण्या आणि लढाया यांवरून साल बसवावे लागते. नशिबाने साल दिलेले असले, तरी ते अरबी शब्दांत असते. ‘समान खमसैन मया व अलफ’ हे शब्द घ्या. समान म्हणजे आठ, खमसैन म्हणजे पन्नास, मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार. मिळून ११५८ झाले. हे साल मृग नक्षत्रास सुरू होई, म्हणून त्यास मृगसाल म्हणत. त्यात ५९९ मिळविले की १७५७ हे इसवी साल येते. मात्र पत्र जानेवारीपासून पुढल्या मृगापर्यंतचे असेल, तर ६०० मिळवावे लागतात. त्या वर्षीचा रबिलाखर डिसेंबरच्या मध्यास लागला. सिंदखेडच्या लढाईचे दिवस हेच!

पत्रे जमविण्याचा हा नाद काही आपल्याच देशात होता असे नाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ५६ जणांनी सह्या केल्या. त्या प्रत्येकाच्या हातचे एकेक पत्र आपल्या संग्रही असावे, अशी ईर्षा तेथील हौशी लोकांत एकोणिसाव्या शतकात उत्पन्न झाली. त्यांपैकी बटन ग्विनेट हा गृहस्थ १७७७ साली द्वंद्वयुद्धात जखमी होऊन मरण पावला. त्याच्या हातचे लिखाण अतिशय थोडे उरले, आणि म्हणून त्याच्या नुसत्या सहीला पुढे लाखो डॉलर पडू लागले. त्याने काय लिहिले, ही गोष्ट गौण ठरली.

या संग्राहकांत विल्यम स्प्रेग यांचे नाव अग्रगण्य आहे. १८१५ च्या सुमारास हा तरुण जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या भाच्याच्या घरी शिक्षक म्हणून राहिला. वॉशिंग्टन यांस आलेली अगणित पत्रे त्या कुटुंबापाशी होती. हवी ती पत्रे घ्यावीत, मात्र प्रत्येकाच्या जागी नक्कल ठेवावी, अशी परवानगी स्प्रेग यांना मिळाली. त्यांनी सुमारे दीड हजार पत्रे नेली! परवानगीने नेली, तेव्हा त्यांस चोर म्हणणे अन्यायाचे होईल. तथापि आपल्याकडील दृश्य आठवा: येथे पुष्कळदा मूळ पत्र घरधन्याच्या पेटीत राही आणि शोधक नक्कल घेऊन निघे, तेथे शोधक मूळ पत्र घेऊन निघाला आणि नक्कल घरी राहिली. एकाला मोठ्या माणसाच्या हाताचा स्पर्श हवा होता, दुसऱ्याला पत्रातील मजकूर. मूळ अक्षराची ओढ मला समजते. ती कोणासही वाटेल. परंतु उंदराने उद्या मूळ पत्र कुरतडले, तरी नक्कल करून छापलेला मजकूर वाचतो.

आणि मजकूर नेहमी मोठ्या माणसाचाच असावा लागतो असेही नाही. मिरजेच्या शाळेत शिकविणारे वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन सरदारांच्या दफ्तरांतील हजारो पत्रे चाळली आणि १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने ती छापली. त्यांत मोहिमांबरोबर घरगुती बातम्या, कर्जे आणि आजारपणेही येतात. १८०४ सालच्या आरंभी इंग्रज सेनापती वेलस्ली याने सिंदखेडच्या बाजूची हकिगत पत्रातून कळविली: मुलुखात दुष्काळ होता, माणसे भुकेने मरत होती आणि त्यांची दाद घेणारे कोणी राज्य नव्हते. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. त्याचे पत्र जपले गेले आणि छापले गेले. त्याच महिन्यांत त्याच मुलुखातील एखाद्या कुळकर्ण्याने ‘धान्य मिळत नाही, कुळे परागंदा झाली’ असे आपल्या देशमुखास लिहिले असेल, तर दुष्काळाचे ते आतून केलेले वर्णन ठरेल. वेलस्लीचा कागद राहिला. कुळकर्ण्याचा एखाद्या टोपलीत लिंपला गेला नसेल कशावरून?

वऱ्हाडातही शोधक निपजले. बुलढाण्यास वकिली करणारे यादव माधव काळे यांनी ‘वऱ्हाडचा इतिहास’ हा ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध केला, आणि त्यानंतर दहा वर्षांनी ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ लिहिला. वकिलास जुन्या कागदाची पारख असते. साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तशी तो कागदाचीही घेतो. यवतमाळ येथे डॉ. यशवंत खुशाल देशपांडे यांनी शारदाश्रमात जुन्या पोथ्यांचा व कागदांचा संग्रह केला. १९१० साली पुण्यास राजवाडे व सरदार मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले होते; घरोघरचे कागद ठेवण्यास त्यामुळे एक हक्काची जागा झाली. राजवाडे १९२६ च्या अखेरच्या दिवशी धुळे येथे वारले. त्यांनी जमविलेले लिखाण उघड्यावर पडू नये म्हणून पुढील वर्षीच धुळेकरांनी राजवाडे संशोधन मंडळ उभारले.

आज नक्कल करण्यास दिवस लागत नाहीत. छायाचित्र क्षणात निघते. अडचण आहे ती वाचणाऱ्यांची. शासनाचे पुराभिलेख खाते मोडीचे वर्ग चालविते, आणि चिकाटी धरली तर काही महिन्यांत साधे पत्र लागू लागते. तोवर तुमच्या गावी, एखाद्या जुन्या गढीत किंवा आजोळच्या माळ्यावर, फडक्यात बांधलेला गठ्ठा दिसलाच तर घाईने गाठ सोडू नका. कागद ज्या क्रमाने बांधले असतील तो क्रम मोडू नका. शेजारचे पत्रच बहुधा मागल्या पत्राचे साल सांगते. फाटल्या जागी चिकटपट्टी लावू नका, घडी ताठ झाली असेल तर ती ओढून उलगडू नका, आणि एखादा कागद सुंदर दिसला म्हणून वेगळा काढू नका. गठ्ठा कोणाच्या घरी, कोणत्या खोलीत, कशात बांधलेला सापडला, हे त्याच दिवशी वहीत टिपा. मग घरधन्याची परवानगी घेऊन वाचणाऱ्याला बोलवा.