माळावरील हरणे व पडीक जमिनीची राखण

बीड जिल्ह्याचा पश्चिम भाग, विशेषतः आष्टी, पाटोदा व शिरूर कासार हे तालुके, हलक्या जमिनीचा व बेभरवशाच्या पावसाचा मुलूख होय. येथील मुरमाड माळांवर काळवीट व चिंकारा आजही आढळतात. लोक दोघांनाही हरिण म्हणतात; शास्त्रदृष्ट्या मात्र ते कुरंग होत, कारण चितळ-सांबरांप्रमाणे त्यांची शिंगे दरवर्षी गळून पडत नाहीत.

संस्थानी काळात शिकारीसाठी राने राखली जात. कोल्हापूर दरबारी तर शिकवलेल्या चित्त्यांकरवी काळविटांची शिकार होत असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही शिकार बंद झाली व आज तो गंभीर गुन्हा आहे. शिकार गेली म्हणून रान राखण्याची विद्याही टाकून द्यावी, असे मात्र नाही. उन्हाळ्यात माळावर काडी उरली नाही, म्हणजे कळप ओलिताच्या पिकात उतरतो, ही गोष्ट शेतकऱ्यास सांगावयास नको.

ज्याच्याजवळ पाच-दहा एकर पडीक माळ आहे, तो बहुधा प्रथम झाडे लावण्याचा विचार करतो. येथेच चूक होते. काळवीट हा उघड्या रानाचा प्राणी आहे. दूरवर दिसणारी नजर व वेगाने धावणारे पाय हेच त्याचे रक्षण. माळावर गिरिपुष्पाची दाट लागवड केली किंवा वेडी बाभूळ माजू दिली, तर गवत सावलीने खुरटते आणि कळप ती जागा सोडतो. बोर, हिवर, बाभूळ अशी मूळची झाडे विरळ असावीत. त्यांचा पाला व शेंगा उपयोगी पडतात. वेडी बाभूळ मात्र मुळासकट खणून काढावी. नुसती तोडल्यास ती अधिक फुटते.

खरा प्रश्न गवताचा आहे. सततच्या चराईने मारवेल, पवन्या व शेडा ही चांगली गवते नाहीशी होऊन कुसळी तेवढी उरते. कुसळी कोवळेपणी जनावरे खातात, परंतु कुसळे धरल्यावर तिला तोंड लावीत नाहीत. यासाठी माळाचे तीन भाग पाडून दरवर्षी एका भागात पावसाळाभर चराईबंदी करावी व गवताचे बी पडू द्यावे. मेंढरे असलेल्या घरास हे जड जाते, हे खरे. म्हणूनच सर्व माळ एकदम बंद करण्याचा सल्ला येथे दिलेला नाही. बंद भागातील गवत बी पडल्यावर कापून न्यावे, पण मधूनमधून उंच गवताचे पट्टे ठेवावेत. काळविटाची मादी एका वेळी बहुधा एकच पाडस देते व ते पहिले काही दिवस गवतात दडून राहते. माळ पेटवून देण्याची रीत तर सर्वथा वाईट.

चिंकारा पाल्यातील ओलाव्यावर बरेच दिवस काढतो. काळविटास पाणी लागते. पाणवठा उथळ बशीसारखा, सर्व बाजूंनी सहज उतरता येईल असा बांधावा. तो झुडपाच्या आडोशाला नको, तसाच पिकालगतही नको. आठवड्यातून एकदा गाळ काढून ताजे पाणी भरावे.

एवढे केल्यावर पिकाची नासाडी थांबेल, असे कोणी समजू नये. रेहेकुरी येथे १९८० साली काळविटांसाठी अवघ्या २.१७ चौरस किलोमीटरचे अभयारण्य झाले. एवढ्या लहान क्षेत्रातही कळप टिकला, पण तो भोवतालच्या शेतांतही चरतो. ज्वारी व हरभरा कोवळा असताना राखण करावीच लागते. दिवाळीनंतर घरची कर्ती माणसे ऊसतोडीला जातात आणि ही राखण वृद्धांवर पडते. शेताच्या कडेने करडईच्या चार ओळी पेरण्याची जुनी रीत चांगली आहे, परंतु करडईस काटे येईपर्यंत तिचा उपयोग नाही. तोवर जुन्या लुगड्यांचे कुंपण करावे. तारेत वीजप्रवाह सोडणे हा गुन्हा असून त्यात माणसेही दगावली आहेत. नुकसान झाल्यास ताबडतोब वनक्षेत्रपालाकडे लेखी अर्ज द्यावा. हरणांनी केलेल्या नुकसानीस शासनाची भरपाई मिळते. पंचनामा होईपर्यंत त्या जागी नांगर घालू नये.

शेवटी विहिरींविषयी. बिनकठड्याच्या विहिरीत कुत्र्यांनी पिटाळलेली हरणे पडतात. दगडमातीचा अडीच-तीन हात उंच कठडा घालावा. त्याने घरची जनावरे व लेकरेही वाचतील. हरिण पडलेच, तर गर्दी व आरडाओरडा करू नये. भेदरलेले हरिण जखम नसतानाही मरते. कुत्री बांधून ठेवावीत व वनरक्षकास निरोप धाडावा.