लशीविषयीच्या वदंता व बिरुयाकरांची कसोटी

पाठाचे शास्त्रभाग : प्रेषितांची कृत्ये 17:10–12, निर्गम 20:16, लूक 10:30–35

बिरुया येथील लोकांची लूक वाखाणणी करितो, ती कशासाठी हे आधी ध्यानात घ्यावे. त्यांनी पौलाचे बोलणे एकदम झिडकारले नाही, आणि एकदम गिळलेही नाही. जे ऐकले ते खरोखर तसेच आहे काय, ह्याचा त्यांनी रोजच्या रोज शास्त्र उघडून शोध केला. प्रेषिताच्या शब्दाचीही पारख करणे हा जर सद्गुण, तर कोणी लिहिला हे ठाऊक नसलेला व्हॉट्सॲपवरील मजकूर न पारखता शेजारणीस वाचून दाखविणे ह्यास काय म्हणावे? नववी आज्ञा केवळ न्यायकचेरीतील साक्षीपुरती आहे असे पुष्कळांस वाटते. परंतु खात्री नसलेली गोष्ट खरी म्हणून सांगावी आणि तिच्यामुळे शेजाऱ्याच्या लेकराचे नुकसान व्हावे, हीही साक्षच होय.

शिरूर व दौंड तालुक्यांतील मंडळ्यांनी ह्या आठवड्यात एका विषयाची अशी पारख करावी. तो विषय म्हणजे लहान मुलांस टोचावयाच्या लशी. 27 नोव्हेंबर 2018 रोजी महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली व नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांस शाळाशाळांतून लस देण्यात आली. त्या वेळी मोबाईलवर नाना वदंता उठल्या, आणि काही आईबापांनी भिऊन मुले शाळेत पाठविली नाहीत. त्याच वदंता आजही अधूनमधून डोके वर काढितात. कोणी म्हणतो लशीने मूल स्वमग्न होते. कोणी म्हणतो मुलींस पुढे संतती होत नाही. कोणी विचारतो, टोचलेल्या मुलांसही गोवर येतो, मग टोचावे कशास?

ही भीती नवी नाही. 1721 साली अमेरिकेतील बोस्टन शहरात देवीची मोठी साथ आली. तेथील पाळक कॉटन मेदर ह्यांस त्यांच्या घरातील एका आफ्रिकी गुलामाने पूर्वीच सांगितले होते की, आमच्या देशात देवीच्या फोडातील पू निरोगी माणसाच्या कातडीत घालितात व मग त्यास मोठी देवी येत नाही. त्या गुलामाचे नाव अनेसिम. फिलेमोनाच्या पत्रातील दासाचेच नाव त्यास दिले होते. मेदरांनी हा उपाय करून पाहावा असे डॉक्टरांस सांगितले, तेव्हा लोक इतके खवळले की त्यांच्या घरात पेटता बाँब फेकण्यात आला. साथ सरल्यावर हिशेब झाला. आपोआप देवी आलेल्या शंभरांत सुमारे चौदा मेले होते. टोचून घेतलेल्या शंभरांत दोन-तीन. म्हणजे तो जुना उपाय निर्धोक नव्हता, आणि विरोधकांची भीती सर्वस्वी खोटी नव्हती. मात्र हिशेब कोणत्या बाजूस पडला हे स्पष्ट आहे.

पुढे 1796 साली इंग्लंडात डॉक्टर जेन्नर ह्यांनी गाईच्या देवीपासून सौम्य लस काढण्याची रीत शोधिली. 14 जून 1802 रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीस मुंबईत ती टोचली. आपल्या देशातली ही पहिली यशस्वी टोचणी. आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी ‘देवी काढणे’ हा शब्द होता तो ह्याच टोचणीचा, आणि घरातील म्हाताऱ्या माणसांच्या दंडावर त्याचा व्रण आजही पाहावयास मिळतो. तरुणांच्या दंडावर तो का नाही, हे शब्बाथ शाळेच्या शिक्षकाने मुलांस अवश्य विचारावे. भारतातील देवीचा शेवटचा रोगी मे 1975 मध्ये आढळला. 1980 साली जागतिक आरोग्य संघटनेने देवीचे जगातून उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. रोगच उरला नाही, म्हणून टोचणीही थांबली. दर दहा रोग्यांतील तिघांस नेणारा रोग नुसत्या नवसाने गेला असता, तर तो पुष्कळ शतके आधीच जावयास हवा होता.

लशीने कधीच अपाय झाला नाही असे मात्र कोणी म्हणू नये. खोट्या भीतीस खोट्या खात्रीने उत्तर दिले, तर लोक दोन्हींवरचा विश्वास गमावितात. 1896 साली मुंबईत प्लेग आला. 10 मार्च 1897 रोजी पुण्यात रोग्यांची सेवा करिता करिता सावित्रीबाई फुले त्याच प्लेगने वारल्या. त्याच वर्षी 10 जानेवारीस डॉक्टर हाफकिन ह्यांनी मुंबईत स्वतः तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली होती. परंतु 1902 साली पंजाबातील मुलकोवाल गावी 107 लोकांस लस टोचली असता त्यांतील 19 धनुर्वाताने मेले. हाफकिनांवर ठपका आला व त्यांस काम सोडावे लागले. पुढे चौकशीत दिसले की ते एकोणीसही जण एकाच बाटलीतील लस घेतलेले होते, आणि ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करिता पुन्हा वापरला गेला. 1907 साली हाफकिन निर्दोष ठरले. परळच्या प्रयोगशाळेस 1925 पासून त्यांचे नाव आहे. मुलकोवालच्या घरांतील दुःख त्याने भरून निघाले नाही, हे खरे. तरी दोष हाताळणीचा होता, लशीचा नव्हे. आज प्रत्येक मुलास वेगळी, एकदाच वापरता येणारी पिचकारी असते. आपल्यासमोर नवे पाकीट फोडावे असे सांगण्याचा आईस पूर्ण हक्क आहे, व त्यात परिचारिकेचा अपमान मुळीच होत नाही.

आता एकेका वदंतेकडे वळू. स्वमग्नतेची गोष्ट 1998 साली निघाली. अँड्र्यू वेकफील्ड ह्या इंग्रज डॉक्टराने केवळ बारा मुलांवरून एक निबंध ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय मासिकात, म्हणजे साप्ताहिकात, छापविला आणि गोवर, गालगुंड व रुबेला ह्यांच्या एकत्र लशीकडे बोट दाखविले. लस करणाऱ्यांवर दावा लावू पाहणाऱ्या वकिलाकडून त्यास पैसा मिळाला होता, हे नंतर उघडकीस आले. 2010 साली नियतकालिकाने तो निबंध मागे घेतला, व त्याच वर्षी डॉक्टरांच्या नोंदवहीतून त्याचे नाव काढण्यात आले. इकडे डेन्मार्क देशात 2002 साली 5,37,303 मुलांची, व 2019 साली 6,57,461 मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. लस घेतलेल्यांत स्वमग्नता न घेतलेल्यांपेक्षा अधिक नव्हती. बारा मुलांची साक्ष एका बाजूस आणि जवळजवळ बारा लाखांची दुसऱ्या बाजूस. बिरुयाकर काय म्हणाले असते ते वाचकांनीच ठरवावे.

संततीविषयीची वदंता तर उलटी आहे. गरोदरपणाच्या आरंभी स्त्रीस रुबेला झाला, तर गर्भ पडतो, अथवा मूल मोतीबिंदू, बहिरेपण किंवा हृदयविकार घेऊन जन्मते. 1941 साली ऑस्ट्रेलियातील नेत्रवैद्य ग्रेग ह्यांनी हा संबंध प्रथम दाखविला. रुबेलाची लस देण्याचा मुख्य हेतूच पुढील पिढीची लेकरे धडधाकट जन्मावी हा आहे. अर्ध्या शतकाहून अधिक काळ ती जगभर दिली जात आहे, आणि ती घेतलेल्या मुली आज आया व आज्या आहेत.

टोचलेल्यांस गोवर होतो, हे मात्र खरे आहे, आणि ते समजण्यास थोडे अंकगणित लागते. समजा, वस्तीत शंभर मुले आहेत. पंचाण्णवांनी दोन्ही मात्रा घेतल्या, पाचांनी एकही नाही. दोन मात्रा शंभरांतील सुमारे पंचाण्णवांचे रक्षण करितात. वस्तीत गोवर शिरला, तर न टोचलेली पाचही मुले बहुधा आजारी पडतील, आणि टोचलेल्या पंचाण्णवांतीलही पाचेक पडतील. मग कोणी म्हणेल, “पाहा, दहा रोग्यांत पाच टोचलेले! लस असून नसून सारखीच.” पण पाचांतील पाच आणि पंचाण्णवांतील पाच हे सारखे कसे? शिवाय गोवर फार चपळ रोग आहे; एक रोगी भोवतालच्या असुरक्षित अशा बारा ते अठरा जणांस तो देऊ शकतो. म्हणून शंभरांत निदान पंचाण्णव मुले सुरक्षित असली तरच त्याची वाट अडते, आणि नऊ महिन्यांखालील तान्हे बाळ, ज्यास ही लस सहसा देत नाहीत, तेही वाचते. 2022 साली मुंबईत गोवंडीकडे, तसेच भिवंडी व मालेगावात गोवर पसरला व मुले दगावली. त्यांतील पुष्कळांस लस मिळाली नव्हती. ‘गोवर बाहेर पडू द्यावा’ म्हणून घरीच थांबणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की, मूल पुरळाने मरत नाही. फुफ्फुसाच्या दाहाने, हगवणीने व मेंदूच्या तापाने मरते. काहींची दृष्टीही जाते.

कित्येक भक्तिमान लोक विचारतात की, टोचून घेणे हा देवावरील अविश्वास नव्हे काय? शोमरोनी मनुष्याने जखमी माणसासाठी केवळ प्रार्थना केली नाही. तेल व द्राक्षारस ओतून पट्टी बांधली. ती गोष्ट लिहून ठेवणारा लूक स्वतः वैद्य होता.

लशीनंतर दंड किंवा मांडी दुखते, एक-दोन दिवस ताप येतो. गोवराच्या लशीनंतर आठवड्या-दीड आठवड्याने ताप किंवा बारीक पुरळही येऊ शकते. हे विष नव्हे. शरीर रोगाशी झुंजण्यास शिकत असते. फारच क्वचित, दहा लाख मात्रांत सुमारे एकदा, अंगावर एकाएकी तीव्र प्रतिक्रिया येते. तिच्यासाठीच टोचल्यावर अर्धा तास तेथेच बसवून ठेवितात. घाईने निघू नये. पूर्वी लशीने असा त्रास झाला असल्यास, किंवा मूल फार आजारी असल्यास, ते टोचण्यापूर्वीच सांगावे.

गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नऊ महिने पुरे झाल्यावर, दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. सरकारी केंद्रात ती फुकट मिळते. दौंडहून पुण्यास जाताना मांजरी व हडपसर लागते, तेथील 1966 साली स्थापन झालेल्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये ही लस तयार होते. दूर देशांची मुले जी लस वापरितात ती आपल्या रेल्वेमार्गाच्या कडेस बनते.

आपल्या भागात एक अडचण विशेष आहे. गळिताच्या हंगामात उसाच्या फडांवर, वीटभट्ट्यांवर आणि रांजणगावच्या कारखान्यांच्या आसपास परगावची कुटुंबे येऊन राहतात, व त्यांच्या मुलांच्या मात्रा मध्येच राहून जातात. अशा घरी गेलेल्या बहिणींनी सांगावे की, लशीसाठी त्याच गावचा रहिवासी असावे लागत नाही. जेथे असाल तेथील आशाताईस किंवा अंगणवाडीत विचारावे. कार्ड हरवले तरी मूल परत पाठवीत नाहीत. मात्रा चुकली तर पहिल्यापासून आरंभ करावा लागत नाही; राहिलेली तेवढीच द्यावयाची असते, आणि गोवर-रुबेलाची राहिलेली मात्रा पाच वर्षे पुरी होईपर्यंत घेता येते.