यू-२३ : हायवेवरून गेलेली पाणबुडी

एक पाणबुडी चक्क ट्रेलरवर बसून हायवेने गेली, असं कुणी मेसमध्ये सांगितलं तर आपण म्हणू, "फेकतोय!" मीही तेच म्हणालो होतो. पण गोष्ट शंभर टक्के खरी आहे.

यू-२३ ही जर्मन पाणबुडी सप्टेंबर १९३६ मध्ये कील बंदरात नौदलात दाखल झाली. टाइप टू-बी, म्हणजे अगदी छोटं मॉडेल. लांबी ४२.७ मीटर (चार एसटी एकामागे एक उभ्या करा), रुंदी जेमतेम ४ मीटर, वजन २७९ टन. पुढे तीन टॉर्पेडो नळ्या आणि एकूण फक्त पाच टॉर्पेडो. आत पंचवीस माणसं. बंक त्याहून कमी, त्यामुळे एक उठला की दुसरा त्याच गरम अंथरुणात शिरायचा. संडास एकच! होस्टेलच्या नावाने रडणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

युद्ध सुरू झालं तेव्हा तिचा कप्तान होता ओटो क्रेत्श्मर. जानेवारी १९४० मध्ये त्याने स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांजवळ 'डॅनमार्क' हे दहा हजार टनांचं तेलवाहू जहाज फोडलं. १८ फेब्रुवारीला ब्रिटिश विनाशिका 'डेअरिंग' बुडवली. तिच्यावरचे दीडशेहून जास्त खलाशी गेले, वाचले अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पुस्तकांत क्रेत्श्मरने बुडवलेल्या टनांचे आकडे मोठ्या कौतुकाने दिलेले असतात. ही माणसं त्या आकड्यांत दिसत नाहीत.

नंतर दोन वर्षं ती प्रशिक्षणासाठी वापरली. १९४२ मध्ये जर्मनीला काळ्या समुद्रात पाणबुड्या हव्या झाल्या. पण जायचं कसं? १९३६ च्या माँत्रो करारामुळे युद्ध करणाऱ्या देशांच्या युद्धनौकांना तुर्कस्तानची सामुद्रधुनी बंद. मग इंजिनिअर कामाला लागले. यू-२३ धरून सहा पाणबुड्यांचे मनोरे, इंजिनं, बॅटऱ्या सगळं काढलं. पुलांखालून जाता यावं म्हणून सांगाडे तराफ्यांवर आडवे पाडले आणि एल्ब नदीतून ड्रेस्डेनपर्यंत ओढत नेले. तिथून ऑटोबानवर! असंख्य चाकांचे ट्रेलर, त्यावर सुमारे १४० टनांचा सांगाडा, आणि वेग माणसाच्या चालण्यापेक्षा थोडा जास्त. सुमारे ४०० किलोमीटर असं जाऊन इंगोलश्टाट, मग डॅन्यूब नदी, आणि रुमानियात गालात्सला पुन्हा जोडणी. आपल्या वर्कशॉपमध्ये उघडलेला गिअरबॉक्स परत लावताना दोन नट उरतात, हे आठवलं की या फिटर लोकांना सलाम करावासा वाटतो.

कामगिरी मात्र या कष्टांच्या मानाने बेताचीच. २३ ऑगस्ट १९४४ ला रुमानियाने बाजू बदलली आणि तळच गेला. यू-१९, यू-२० आणि यू-२३ या तिघी उरल्या. ना डिझेल, ना बंदर, ना बाहेर पडायला वाट. ज्या सामुद्रधुनीला वळसा घालून आत आणल्या, ती बंदच होती. तुर्कस्तानला विकण्याचा प्रयत्नही फसला. १० सप्टेंबर १९४४ रोजी तुर्की किनाऱ्याजवळ खलाशांनी त्या स्वतःच्या हाताने बुडवल्या. ते पोहोचले किनाऱ्यावर, पण पकडले गेले आणि तुर्कस्तानात नजरकैदेत राहिले.

यू-२३ चे अवशेष २०१९ मध्ये आगवा गावासमोर मिळाले. खोली साधारण ४० मीटर. म्हणजे उभी केली, तर तिचं नाक पाण्याबाहेर येईल.