खाकी कव्हरपासून 'चामड्याचं' भेटकार्ड



कार्यानुभवाच्या तासाला भेटकार्ड करायला घेतलं की वर्गात काय होतं, ते तुम्हाला माहीतच आहे. चित्र छान काढणारी चार-पाच मुलं पुढे सरसावतात. बाकीची म्हणतात, "मला नाही येत." मग घरी आई किंवा ताई कार्ड करून देते आणि मूल फक्त नाव लिहितं. आजचा उपक्रम या "मला नाही येत" म्हणणाऱ्या मुलांसाठी आहे. यात चित्र काढायचं नाही, कागद चुरगळायचा आहे! इयत्ता तिसरी ते पाचवीसाठी दोन तासिका पुरतात.

आधी निरीक्षण

जुना चामडी पट्टा किंवा कोल्हापुरी चप्पल वर्गात आणा. मुलांना हात लावून बघू द्या. सुरकुत्या कुठे जास्त आहेत? जिथे वस्तू पुन्हा पुन्हा वाकते तिथे! खाचेत रंग गडद दिसतो, उंचवट्यावर फिका. हेच आपल्याला कागदावर आणायचं आहे.

साहित्य

वह्यांना घालतो तो खाकी कागद, ए-फोर आकाराचा कार्डशीट, तपकिरी जलरंग, तेलकट खडू (रंगीत मेणखडू), मेणबत्तीचा तुकडा, सुती चिंधी, फेविकॉल, संपलेली रिफिल, पांढरा जेल पेन.

कागद घेताना एक चाचणी करा. त्यावर पाण्याचा थेंब टाका. थेंब मुरला तर कागद चालेल. तसाच घरंगळला तर कागदावर प्लॅस्टिकचा थर आहे, तो चालणार नाही.

कृती

१. कार्डशीट मधोमध दुमडा. पुढची बाजू सुमारे 21 × 15 सेंमी होते. खाकी कागद 24 × 18 सेंमी कापा, म्हणजे चारही कडा आत दुमडता येतील.

२. कागदाचा घट्ट बोळा करा, हलक्या हाताने उघडा, पुन्हा बोळा करा. असं पाच-सहा वेळा. कागद कापडासारखा मऊ लागला की थांबा.

३. पातळ केलेला तपकिरी रंग चिंधीने सगळीकडे फिरवा आणि लगेच कोरड्या चिंधीने टिपून घ्या. चुरगळल्यामुळे घडीवरचे तंतू सैल झालेले असतात, तिथे रंग जास्त मुरतो. म्हणून रेषा गडद उमटतात.

४. कागद किंचित ओलसर असतानाच वर्तमानपत्राच्या जाड घडीवर ठेवा. संपलेल्या रिफिलने दाबून साधी नक्षी किंवा नावाचं अक्षर कोरा. मग पूर्ण वाळू द्या.

५. दुसऱ्या दिवशी फिक्या रंगाचा तेलकट खडू आडवा धरून हलकेच फिरवा. उंचवट्यावरच रंग लागतो. वरून मेणबत्ती घासून चिंधीने चोळा, चमक येते. मेण मात्र शेवटीच! आधी लावलं तर त्यावर जलरंग बसत नाही. का बसत नाही, हे मुलांनाच विचारा.

६. कार्डशीटवर फेविकॉलचा पातळ थर देऊन कागद चिकटवा, कडा आत वळवा. रात्रभर जड पुस्तकांखाली ठेवा. नंतर कडेपासून 1 सेंमी आत पांढऱ्या पेनने शिलाईचे टाके काढा. प्रत्येक टाका 5 मिमी, मधली जागाही 5 मिमी. पट्टीने मोजायचा सराव आपोआप होतो.

काही ठिकाणी बूट पॉलिश वापरतात. त्याला उग्र वास असतो आणि ते हाताला लागतं, म्हणून लहान मुलांना देऊ नका.

आतला मजकूर

फळ्यावर लिहून दिलेला मजकूर तीस कार्डांत सारखाच उतरतो. त्यापेक्षा दोनच प्रश्न द्या : हे कार्ड कोणाला? त्या माणसाने तुझ्यासाठी केलेली कोणती गोष्ट तुला आठवते? उत्तर मुलाच्या बोलीत, त्याच्याच अक्षरात येऊ द्या. शुद्धलेखन तपासायची ही जागा नव्हे.

पालकांना विनंती

कागद थोडा फाटला, रंग कमी-जास्त झाला, तर दुरुस्त करायला जाऊ नका. जुन्या चामड्यालाही चिरा असतात, डाग असतात. फाटलेल्या जागी मागून कागदाची पट्टी चिकटवा, पुरे. प्रत्येकाच्या सुरकुत्या वेगळ्या पडतात, त्यामुळे दोन कार्डं सारखी होतच नाहीत. "कुणाचं जास्त छान?" हा प्रश्नच मग उरत नाही. आणि जे मूल "मला नाही येत" म्हणत होतं, त्याला स्वतःच्या हाताने केलेलं कार्ड स्वतःच नेऊन देता येतं.

वर्गात जरूर करून बघा!