भिंतवर की भिंतीवर?



मागे एका सूचनेत आम्ही "भिंतवर लिहू नये" असे लिहिले. सहावीतील एक मुलगी म्हणाली, "सर, भिंतीवर." तिचेच बरोबर होते. आमचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. 'दीवार पर' म्हणताना 'दीवार' बदलत नाही. पांढुर्णा-सौंसरकडे घरी मराठी, पुस्तकात हिंदी, म्हणून आपल्या मुलांचे गुण नेमके इथेच कापले जातात.

अकारान्त स्त्रीलिंगी नामांच्या दोन वाटा आहेत. भिंतीवर, पण विटेवर. ओळखावे कसे? अनेकवचन पाहावे. भिंत-भिंती, म्हणून भिंतीवर. वीट-विटा, म्हणून विटेवर. बहीण-बहिणी-बहिणीला, सून-सुना-सुनेला. ही युक्ती अकारान्त शब्दांपुरतीच. नदी-नद्या, तरी 'नदीत'च.

युरोपातील स्लोव्हाक भाषेतही व्यंजनान्त स्त्रीलिंगी नामे अशीच दोन वाटांनी जातात. 'तळहात' आणि 'हाड' या अर्थांचे दोन शब्द तिथे नमुने म्हणून शिकवतात. आपल्याकडे मात्र नमुना घरातच बसलेला असतो. आजीला विचारा, "एक वीट, दोन काय?" ती शाळेत गेली नसली तरी 'विटा'च म्हणेल. तिच्या बोलण्याला 'गावठी' म्हणून हसणाऱ्या मुलांनी हे जरूर करून पाहावे.

लिंगही जपावे: 'आवाज' हिंदीत स्त्रीलिंगी, मराठीत पुल्लिंगी, 'मजा'चे उलट.

सोमवारी अनेकवचनासह लिहून आणा: जमीन, चिंच, तूर, जीभ, वाट.