तांब्या, कांदे आणि तेलरंग

अगं, रंगांची पेटी हौसेनं आणलीस आणि आता तिच्यावरून नुसता कपडा फिरवतेस, असंच ना? वास येईल, घर खराब होईल, पैसे वाया जातील आणि मुळात मला वेळ कुठे आहे, ही तुझी यादी मला पाठ आहे. यातली शेवटची तक्रार आधी निकालात काढू. तेलरंगाला वेळ लागतो हे खरं, पण तो वाळायला लागतो. तुला सलग बसावं लागतं असं नाही. जलरंगात कागद ओला आहे तोवर हात चालवावा लागतो. मध्येच कुकरची शिट्टी झाली, दारात कुरियरवाला आला, की वॉशच्या कडा वाळून डाग पडलाच म्हणून समज. तेलरंग दुसऱ्या दिवशीही बहुधा ओलाच असतो. पॅलेटवर प्लास्टिक घाल, ब्रश पुसून ठेव आणि खुशाल पोळ्या लाटायला जा. खरं सांगू का, जिला वेळ तुकड्यातुकड्यांनी मिळतो तिच्यासाठी याहून सोयीचं माध्यम नाही.

शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या होत्यास ना? त्यातलंच वस्तुचित्र आहे हे. फक्त क्रम उलटा. तिथे पांढऱ्यासाठी कागद राखून ठेवायचा आणि फिकटाकडून गडदाकडे जायचं. इथे सावल्या आधी, उजेड नंतर, आणि पांढऱ्याचा जाड ठिपका अगदी शेवटी.

पेटीतल्या सगळ्या नळ्या एकदम उघडू नकोस. टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, लेमन यलो, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन ब्लू आणि अलिझरिन क्रिमझन, एवढ्यावर कितीतरी दिवस निघतात. पांढऱ्याची वेगळी मोठी नळी आण, तीच आधी संपते. काळ्याचं झाकण तर सध्या उघडूच नकोस बघ. बर्न्ट अंबरमध्ये अल्ट्रामरीन मिसळलास की असा खोल काळा मिळतो, की त्याला हवं तर निळ्याकडे झुकवता येतं, हवं तर तपकिरीकडे. ब्रश डुकराच्या केसांचे, चपटे, लहान-मोठे दोन-तीन पुरेत. कॅनव्हासऐवजी छोटा कॅनव्हास बोर्ड घे. महागाच्या कॅनव्हाससमोर हात आखडतो गं, आणि आखडलेला हात काही शिकत नाही.

तेल मात्र चित्रकारांचं लिनसीडच वापर. एकदा ते संपलं म्हणून मी फडताळातलं शेंगदाण्याचं तेल घातलं होतं! चित्र महिन्यानंतरही चिकटच, वर आमच्या मांजराचे केस बसलेले. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं, शेंगदाण्याचं होत नाही. म्हणजे तेलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, तो हळूहळू घट्ट होत जातो. हे एकदा समजलं की पुढचा नियमही कळतो: खालचे थर टर्पेंटाइन घालून पातळ, वरचे थर जास्त तेलाचे. उलट केलंस तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा नंतर हलत राहतो आणि चित्राला भेगा पडतात. पहिला थर बर्न्ट अंबरचा दे, तो इतरांपेक्षा लवकर वाळतो. त्यात मँगनीज असतं, त्याचा हा गुण.

आता घरच्यांची काळजी. टर्पेंटाइनची वाटी झाकून ठेव, खिडकी उघडी ठेव, आणि लहान मूल झोपलेल्या खोलीत हे काम नकोच. ब्रश आधी वर्तमानपत्रावर नीट पुसायचा, मग थोड्या टर्पेंटाइनमध्ये, मग तळहातावर साबण घेऊन धुवायचा. वापरलेलं टर्पेंटाइन मोरीत ओतायचं नाही. बाटलीत ठेवलंस तर गाळ खाली बसतो आणि वरचं पुन्हा वापरता येतं. आणि एक गोष्ट मी दटावूनच सांगणार आहे. जवसाच्या तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकायच्या नाहीत. त्या वाळताना आतून तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून बाल्कनीत वाळत घाल, कडक झाल्या की मग टाक.

मांडणीसाठी फळांची परडी सजवू नकोस. केळं दोन दिवसांत काळं पडतं, आणि घरातलं कुणीतरी सफरचंद उचलून खातंच. कांदे, लसणाचा गड्डा, एखादा पितळी तांब्या, एवढं पुष्कळ. पुठ्ठ्याचा खोका आडवा ठेवून त्यात मांड आणि एकाच बाजूनं टेबललॅम्प लाव, म्हणजे सावल्या जागेवर राहतील. पुस्तकांतून उत्तरेच्या खिडकीचं फार कौतुक असतं, पण ती पुस्तकं युरोपातली. आपल्याकडे मे-जूनमध्ये सूर्य उत्तरेकडून जातो आणि त्या खिडकीतही ऊन शिरतं. दिवा बरा.

आता डोळे किलकिले करून बघ. तांब्या, कांदा असं काही दिसायला नको. गडद कुठे, मध्यम कुठे, उजेड कुठे, एवढेच तुकडे दिसायला हवेत. ते पातळ बर्न्ट अंबरनं बोर्डावर मांड आणि त्या दिवशी तिथेच थांब. रंगाला हात नको. मला माहितेय, हात शिवशिवतात. पण नवशिक्यांची बहुतेक चित्रं रंगामुळे फसत नाहीत. सावली पुरेशी गडद करायला मन धजत नाही, म्हणून ती सपाट दिसतात.

पितळेसाठी तू पिवळी नळी उचलशील, सगळेच उचलतात. नीट बघ तर खरं. तांब्याचा बराचसा भाग तपकिरी नाहीतर हिरवट असतो, कडेला जवळजवळ काळा. पोटाच्या फुगवट्यावर शेजारच्या कांद्याचा गुलाबी-जांभळा डाग उतरलेला असतो आणि खाली टेबलाचा उजेड परत वर चढलेला. निव्वळ पिवळं म्हणावं असं बोटभरही सापडत नाही. हे तुकडे जिथे आहेत तिथे ठेवलेस आणि शेवटी लेमन यलो मिसळलेल्या पांढऱ्याचा एकच ठिपका दिलास, की धातू चमकतो. तो ठिपका दिल्यावर पुन्हा त्याला शिवायचं नाही. आणि तांब्याचं तोंड टोकदार कडांचं काढू नकोस. लंबगोलाला दोन्ही टोकांनाही वळण असतं. तांब्या डोळ्यांच्या पातळीपासून जितका खाली, तितका तो लंबगोल उघडा दिसतो.

तांब्या-कांदे काय काढायचे, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. अठराव्या शतकात फ्रेंच अकादमीत वस्तुचित्राला सगळ्यात खालचा दर्जा होता. तरी 1728 मध्ये शार्दँ हा चित्रकार वस्तुचित्रांच्याच जोरावर तिचा सभासद झाला. त्यानं काढलेलं पाणी साठवायचं तांब्याचं भांडं आज लूव्रमध्ये आहे. आणि इटलीतल्या बोलोन्यात मोरांदी या चित्रकारानं बहिणींबरोबर राहत्या घरात, झोपायच्या खोलीतच, बाटल्या आणि डबे वर्षानुवर्षं रंगवले. चकाकी नको म्हणून काही बाटल्यांना तो आधी रंगच फासायचा! त्यामुळे वेगळा स्टुडिओ नाही ही सबब मी तुझ्याकडून ऐकून घेणार नाही.

पहिलं चित्र मातकट होणार, हे आत्ताच सांगून ठेवते. ब्रश न पुसता एका रंगातून दुसऱ्यात गेलं की तसंच होतं. प्रत्येक फटकाऱ्यानंतर पुसायची सवय लागली की दुसऱ्यात फरक दिसेल. न आवडलेला भाग ओला असतानाच चाकूनं खरवडून काढता येतो, बोर्ड फुकट जात नाही. झालेलं चित्र खुशाल भिंतीवर टांग, पण व्हार्निशची घाई करू नकोस. रंग नीट वाळायला सहा महिने तरी दे, जाड लावला असशील तर वर्षभर.